सदाहरित झुडुपांची कुंडी बदलताना घ्यावयाची काळजी

अनंत, कामिनी, एक्झोरा यांसारख्या सदाहरित झुडुपांची कुंडी बदलायची असेल, तर थंडी ओसरल्यावर आणि नवी फूट दिसू लागण्याच्या थोडे आधी हे काम हाती घ्यावे. पानगळ होणारी झाडे विश्रांतीच्या काळात निष्पर्ण असल्यामुळे त्यांच्या मुळांना थोडी इजा झाली तरी निभावून जाते. सदाहरित झुडुपाच्या पानांतून मात्र बाराही महिने पाण्याची वाफ होत असते. दुखावलेल्या मुळांना तेवढे पाणी पुरवता येत नाही आणि कालपर्यंत टवटवीत असलेले झाड मान टाकते. म्हणूनच भर उन्हाळा, कडाक्याची थंडी आणि कळ्या धरण्याचा काळ टाळावा. अनंत तर मुळांना धक्का लागताच टपोऱ्या कळ्यासुद्धा गाळून टाकतो.

तळाच्या छिद्रातून मुळे बाहेर येणे, घातलेले पाणी मातीत न मुरता कडेने सरळ खाली वाहून जाणे, सकाळी पाणी देऊनही दुपारी पाने मलूल होणे, ही मुळांनी कुंडी भरल्याची लक्षणे होत. साधारणपणे दोन-तीन वर्षांनी ही वेळ येते; मात्र लक्षणे दिसत नसतील, तर केवळ वर्षे मोजून निरोगी झाड हलवू नये.

नवी कुंडी जुन्या कुंडीपेक्षा व्यासाने सुमारे ५ सेंटीमीटर मोठी असावी. एकदम फार मोठी कुंडी घेतल्यास मुळे न पोहोचलेली माती दीर्घकाळ ओली राहते आणि मुळे कुजतात. तळाशी खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा थर देण्याची पद्धत रूढ आहे, परंतु तिने निचरा सुधारत नाही. बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही, त्यामुळे ओल साचणारा पट्टा उलट वर, मुळांजवळ सरकतो. छिद्रावर एक बाकदार खापरी ठेवली की पुरे. निचऱ्याचे खरे काम मातीच्या मिश्रणाने करायचे असते. त्यासाठी चाळलेली माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि जाडसर वाळू किंवा परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके, पांढरे खनिज दाणे) एकत्र करावे. अनंताला आम्लधर्मी माती लागते. सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ५ ते ६ च्या दरम्यान असावा, अन्यथा लोह उपलब्ध न झाल्याने कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी कुंडी आडवी करून कडेवर हलकेच ठोकावे, आतून पातळ सुरी फिरवावी आणि बुंधा नुसता ओढण्याऐवजी मुळांचा गोळा हाताच्या आधाराने बाहेर काढावा. त्यानंतर मुळे नीट पाहावीत, कारण झाडाची खरी प्रकृती येथेच कळते. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असते. कुजलेले मूळ काळपट, लिबलिबीत असते आणि चिमटीत धरून ओढले की त्याची साल निघून आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. अशी मुळे स्वच्छ सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापून टाकावीत. गोळ्याभोवती गोल फिरलेली मुळे बोटांनी मोकळी करावीत. ती फारच घट्ट असतील, तर गोळ्याच्या बाजूंवर तीन-चार ठिकाणी सुमारे १ सेंटीमीटर खोल उभे छेद द्यावेत. सगळी जुनी माती धुऊन मुळे उघडी करू नयेत. पाणी शोषणारी बारीक मुळे त्यात तुटतात.

झाड पूर्वी मातीत जेवढे होते तेवढेच ठेवावे, बुंधा अधिक खोल गाडू नये. कुंडीच्या वरच्या काठापासून खाली २ ते ३ सेंटीमीटर जागा पाण्यासाठी मोकळी सोडावी आणि माती कडेने भरून बोटांनी बेताने दाबावी. तळातून बाहेर येईपर्यंत पाणी द्यावे व थाळीत साचलेले पाणी ओतून टाकावे. पुढील दोन आठवडे झाड उजेडाच्या पण थेट ऊन व जोराचा वारा न लागणाऱ्या जागी ठेवावे. खालची काही जुनी पाने पिवळी होऊन गळाली तर घाबरून पाणी वाढवू नये, वरची माती सुकू लागल्यावरच द्यावे. नवी पालवी जोमाने येईपर्यंत, म्हणजे साधारण महिनाभर तरी, रासायनिक खत देऊ नये.

हलवता न येणाऱ्या मोठ्या कुंडीतील झुडुपाला मुळे न दुखावता वरची सुमारे ५ सेंटीमीटर माती खरवडून काढावी आणि दरवर्षी याच हंगामात तिथे नवे मिश्रण भरावे.