न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल परवान्याची माहिती गोपनीय कशी ठेवावी
डिसेंबर २०१२ मध्ये ‘द जर्नल न्यूज’ या वृत्तपत्राने वेस्टचेस्टर आणि रॉकलंड या न्यूयॉर्क राज्यातील काउंट्यांतील (जिल्ह्यासारख्या विभागांतील) पिस्तूल परवानाधारकांची नावे व पत्ते नकाशावर मांडले. ही माहिती तेव्हा सार्वजनिक दप्तरातच होती. त्यामुळे वाद झाला तो कायदेशीरपणापेक्षा औचित्याचा. जानेवारी २०१३ मध्ये राज्याने ‘सेफ’ या बंदूक-नियंत्रण कायद्याद्वारे सार्वजनिक दप्तरातून नाव वगळण्याची सोय केली आणि काही दिवसांतच वृत्तपत्राने नकाशा मागे घेतला.

या सोयीचा लाभ आपोआप मिळत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो. परवाना नव्याने मागत असाल तर मूळ अर्जासोबतच, आणि तो आधीपासून असेल तर केव्हाही, विहित नमुना भरून आपल्या काउंटीच्या परवाना अधिकाऱ्याकडे द्यावा. सर्वांत काळजीपूर्वक भरायचा भाग कारणाचा आहे: आपण सेवेतील किंवा निवृत्त पोलीस अधिकारी आहात, न्यायालयाच्या आदेशाने संरक्षण मिळालेली व्यक्ती आहात, फौजदारी खटल्यात साक्षीदार किंवा ज्यूरी होता, अशा व्यक्तीचे जोडीदार वा घरातील सदस्य आहात, किंवा माहिती उघड झाल्यास आपल्याला अकारण छळ सोसावा लागेल असे मानण्यास आधार आहे, यांपैकी आपल्याला खरोखर लागू पडणारेच कारण नोंदवावे. शेवटचे कारण व्यापक असल्याने, ते निवडल्यास आपली परिस्थिती नेमक्या शब्दांत मांडणे माझ्या मते श्रेयस्कर. भरलेल्या नमुन्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी.