मुलांच्या सुरक्षिततेबाबत या चुका टाळा

‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घ्यायचं नाही’ एवढं शिकवून आपण निर्धास्त होतो, ही पहिली चूक. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात अत्याचार करणारे निम्मे जण मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले निघाले. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. तरी आपल्याकडे ‘पोरगा आहे, त्याला काय होतंय’ हे वाक्य हमखास ऐकू येतं.

दुसरी चूक, चेहऱ्यावरून माणूस ओळखायला जाणं. गुन्हेगाराचा असा ठरावीक साचा नसतो. बघायची असते ती वागण्याची साखळी. असा माणूस बहुधा आधी घर जिंकतो. अडीनडीला धावून येतो, ‘पोराला मी सोडतो, तुम्ही कशाला दगदग करता’ म्हणतो. मग एकाच मुलाचे जास्त लाड, रंकाळ्यावर एकट्यालाच आईस्क्रीम आणि हळूच, ‘घरात सांगू नको हं.’ हे छोटं गुपित म्हणजे चाचपणी असते: मूल घरी बोलतं का? नाही बोललं, की मस्करीतले स्पर्श सुरू होतात. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर निरुपद्रवी वाटते, म्हणून आपण फसतो. माया करणाऱ्या प्रत्येकावर संशय मात्र नको. खटकायला हवं ते गुपित आणि एकांत.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकेलहोर यांनी १९८४ मध्ये मांडलं, की गुन्ह्याआधी चार टप्पे पार व्हावे लागतात: वासना, स्वतःच्या मनाचा अटकाव मोडणं, बाहेरची देखरेख चुकवणं आणि मुलाचा विरोध मोडणं. तिसरा टप्पा आपण अवघड करू शकतो. राजारामपुरीतला क्लास असो, पेठेतली तालीम असो की शाळेची रिक्षा, एकट्या मुलासोबत बंद दार नको. न सांगता मध्येच डोकावून या. चांगल्या शिक्षकाला, वस्तादाला त्याचा राग येणार नाही.

मूल बोललंच तर खोदून खोदून विचारू नका, चार नातेवाइकांसमोर वदवून घेऊ नका. ऐकून घ्या, ‘तुझी चूक नाही’ म्हणा.

आणि गल्लीतच मिटवू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार (२०१२) माहिती असताना कळवणं बंधनकारक आहे. पोलीस स्टेशनच्या धास्तीनं अनेक घरं गप्प बसतात. पण मुलाचा जबाब घरीही घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते आणि गणवेश घालत नाही. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन मोफत आहे.