फ्लॉपी फेकण्याआधी ड्राइव्ह तपासा

डीटीपीचं काम मी बंद केलं, पण जुनं ४८६ मशीन, म्हणजे तेव्हाचा कॉम्प्युटर, अजून टेबलाखाली आहे. फ्लॉप्यांचा खोका घेऊन कुणी ना कुणी येतंच, आणि येतानाच म्हणतं, "खराब झाल्यात बहुतेक." बऱ्याचदा फ्लॉपी धड असते, गोची ड्राइव्हची असते.

आधी फ्लॉपीवर काही लिहिलं जाणार नाही अशी सोय करा. साडेतीन इंची असेल तर खिटी सरकवून भोक उघडं ठेवा. सव्वापाच इंची असेल तर कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावा. कारण पुढे येईल.

मशीन चालू करताच ड्राइव्हचा दिवा लागून विझेचना? ३४ पिनांची केबल उलटी बसलीय. मशीन बंद करा, लाल कड एक नंबरच्या पिनेकडे आणा. केबलला मध्ये पीळ असतो: पिळाच्या पुढचं टोक ए ड्राइव्हचं, अलीकडचं बी-चं. बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, ड्राइव्हचा प्रकारही बघा. बोर्डवरची बॅटरी मेली की ते सेटिंग उडतं.

माझं सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते सव्वापाच इंचीनं. ३६० केबीच्या ड्राइव्हचे ट्रॅक, म्हणजे मजकूर साठवायची वर्तुळं, ४०, १.२ एमबीवाल्याचे ८०, म्हणून त्याचा ट्रॅक साधारण निम्म्या रुंदीचा. तो ३६०ची फ्लॉपी मजेत वाचतो. पण तिच्यावर लिहिलं, की रुंद ट्रॅकवर नवा मजकूर बारीक पट्ट्यात उमटतो आणि बाजूला जुना तसाच उरतो. मग ३६०च्या ड्राइव्हचं रुंद हेड, म्हणजे वाचणारा-लिहिणारा भाग, दोन्ही एकदम वाचतं आणि गडबडतं. एका लेखकाच्या फ्लॉपीत मी अशाच दुरुस्त्या करून दिल्या. घरी त्यांची फाइल उघडेना, बोलणी मी खाल्ली! तेव्हापासून कधीच न वापरलेली डीडी (डबल डेन्सिटी, म्हणजे ३६०वाली) फ्लॉपी घेतो, १.२च्या ड्राइव्हमध्येच फॉरमॅटच्या कमांडला /४ जोडून तयार करतो आणि तीच देतो.

फ्लॉपी बदलली तरी डिर ही फाइलींची यादी दाखवणारी कमांड दिल्यावर आधीचीच यादी दिसते? 'फ्लॉपी बदलली' हा निरोप ३४ नंबरच्या पिनेवरून मशीनला पोचत नाहीये. ड्राइव्हवरचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) चुकलाय किंवा तार तुटलीय. अशात काही सेव्ह केलंत, तर आधीच्या फ्लॉपीचा हिशेब नवीवर उमटतो आणि तिच्यातल्या फाइली जातात. ती खिटी आणि चिकटपट्टी यासाठीच.

तरीही 'सेक्टर नॉट फाउंड' (फ्लॉपीवरचा तो भाग सापडत नाही) असा संदेश येत असेल, तर हेड स्वच्छ करा. नाहीच जमलं, तर फ्लॉपी ज्या मशीनवर लिहिली त्याचाच ड्राइव्ह शोधा. हेड जागेवरून जरा सरकलेल्या ड्राइव्हनं लिहिलेलं कधीकधी फक्त त्यालाच वाचता येतं. म्हणून कुणी जुनं मशीन भंगारात काढत असेल, तर ड्राइव्ह तेवढा काढून घ्यायला सांगतो.