‘डेमॉन्स्ट्रेशन’ला मराठी शब्द कसा निवडावा

इंग्रजी मजकुराचे भाषांतर करताना ‘डेमॉन्स्ट्रेशन’ हा शब्द समोर आला, तर शब्दकोश उघडण्याआधी एक प्रश्न विचारावा: येथे कोण, कोणाला आणि कशासाठी काय दाखवत आहे? हा शब्द ‘दाखवून देणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला असून त्याचे सर्व अर्थ याच मुळातून फुटले आहेत. ‘डेमॉक्रसी’तला ‘डेमो’ मात्र ‘लोक’ या अर्थाच्या ग्रीक शब्दातून आलेला आहे. रस्त्यावर उतरलेल्या जमावाकडे पाहून या दोहोंचे नाते जोडण्याचा मोह होतो, तो आवरावा.

दाखवणारे नागरिक असतील आणि सत्तेला आपला विरोध दाखवत असतील, तर मराठीत ‘निदर्शने’ म्हणावे, आणि तेही अनेकवचनातच. एकवचनी ‘निदर्शन’ म्हणजे उदाहरण किंवा सूचक खूण. ‘निदर्शनास आणणे’ या प्रयोगात तोच जुना अर्थ टिकून आहे. त्यामुळे ‘कार्यालयासमोर निदर्शन झाले’ हे वाक्य कानाला खटकते. एवढ्यावर न थांबता प्रत्यक्षात काय घडले, हेही पाहावे. लोक चालत गेले असतील तर तो मोर्चा, एका जागी बसून राहिले असतील तर ते धरणे, आणि घोषणा व फलक घेऊन उभे राहिले असतील तर ती निदर्शने. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख लोक नागरी हक्कांसाठी एकत्र आले. इंग्रजीत त्याला ‘डेमॉन्स्ट्रेशन’ही म्हटले जात असले, तरी लोक लिंकन स्मारकापर्यंत चालत गेले आणि तेथे भाषणे झाली, म्हणून मराठीत ‘मोर्चा आणि सभा’ हेच नेमके ठरते. हिंदीच्या वळणाने आलेले ‘विरोध प्रदर्शन’ मी तरी टाळतो, कारण मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ‘प्रदर्शन’ म्हटले की मांडून ठेवलेल्या वस्तू येतात.

एखादे उपकरण किंवा कृती कशी चालते हे जाणकार दाखवत असेल, तर ‘प्रात्यक्षिक’ वापरावे. अमेरिकन संगणक-संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस, हायपरटेक्स्ट (दुव्यांनी जोडलेला मजकूर) आणि पडद्यावरून संवाद हे सारे सुमारे ९० मिनिटांत करून दाखवले, ते प्रात्यक्षिकच होते. गणितात मात्र ‘सिद्धता’ लिहावे. ऑलिंपिकमधील ‘डेमॉन्स्ट्रेशन स्पोर्ट’साठी, म्हणजे अधिकृत पदकांविना खेळून दाखवलेल्या खेळासाठी, ‘प्रदर्शनीय खेळ’ चालतो. बॅडमिंटन १९७२ मध्ये म्युनिकला याच नात्याने खेळले गेले आणि १९९२ मध्ये बार्सिलोनात त्याला पदकांच्या खेळांत स्थान मिळाले.

खरी कसोटी संगीतात लागते. तेथे भाषांतर करूच नये, ‘डेमॉन्स्ट्रेशन’चे लघुरूप ‘डेमो’च ठेवावे. ‘निदर्शन ध्वनिफीत’ असे लिहिले, तर वाचकाला घोषणांची कॅसेट वाटेल. मुळात डेमो म्हणजे ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीला आपली गाणी ऐकवण्यासाठी केलेले कच्चे ध्वनिमुद्रण. १९७९ मध्ये साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारे यंत्र बाजारात आले, आणि हे काम स्टुडिओचे भाडे न भरता घरच्या घरी होऊ लागले. भूमिगत मेटल आणि पंक संगीतात तर डेमोने आपला हेतूच बदलला: चाहते कॅसेटच्या प्रती काढून टपालाने देशोदेशी पाठवत, आणि कंपनीच्या दारात कधीही न गेलेला डेमो हीच त्या बँडची पूर्ण कृती मानली जाई. म्हणून अशा संदर्भात ‘नमुना’ हा शब्दही अपुरा पडतो.

संगणकाच्या जगातील ‘डेमोसीन’ याहून वेगळा आहे. १९८० च्या दशकात कमोडोर ६४ आणि अमिगा या संगणकांवर संगणकीय खेळांचे नक्कल रोखणारे कुलूप तोडणारे तरुण त्या खेळांच्या सुरुवातीला आपले नाव झळकवणारा छोटा प्रोग्रॅम जोडत; त्यातून चित्र आणि संगीत जागच्या जागी निर्माण करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची कला उभी राहिली. काही स्पर्धांत संपूर्ण प्रोग्रॅम ४,०९६ बाइटांत बसवावा लागतो. फिनलंडने २०२० मध्ये डेमोसीनला आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिले. येथेही मूळ शब्दच ठेवून पहिल्या उल्लेखाशी एका वाक्यात त्याचा अर्थ सांगावा.

मूळ मजकूर इंग्रजीऐवजी अन्य युरोपीय भाषेतला असेल, तर अंदाज उलटा करावा लागतो. बोलीतल्या जर्मनमध्ये ‘डेमो’ म्हटले की बहुधा रस्त्यावरचा मोर्चाच अभिप्रेत असतो. फ्रेंचमध्ये मात्र मोर्चासाठी ‘मानिफेस्तास्यों’ हा निराळा शब्द आहे आणि ‘देमोंस्त्रास्यों’ दिसला तर प्रात्यक्षिक किंवा सिद्धता यांपैकी एकाकडे आधी वळावे.