सांगितलेली भीती आणि खरी भीती: वयानुसार ओळखावी कशी, हाताळावी कशी

चार वर्षांचं मूल म्हणतं, 'पलंगाखाली राक्षस आहे.' चौदा वर्षांची मुलगी म्हणते, 'पोटात दुखतंय, आज शाळा नको.' पंचेचाळिशीचा माणूस कामाच्या ताणाचं कारण सांगतो, आणि पंच्याहत्तरीच्या आजी म्हणतात, 'आता बाहेर पडावंसंच वाटत नाही.' या चौघांनाही धीर देणारं कुणी ना कुणी असतं, तरी भीती हटत नाही, कारण धीर दिला जातो तो वरच्या वाक्याला. खाली दडलेली भीती वयाप्रमाणे बदलते. कोणत्या वयात ती बहुधा कुठे असते हे ठाऊक असलं, तर ती लवकर सापडते आणि उपायही नेमका करता येतो.

आधी खरी भीती शोधा

'का घाबरतोस?' असं विचारू नका. त्या प्रश्नाने माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतो. त्याऐवजी विचारा, 'समजा तसं झालं, तर पुढे काय होईल?' उत्तर आलं की पुन्हा तेच विचारा. साधारण तीन-चार वेळा पुरतं. 'नापास होईन.' मग? 'सगळे पुढच्या वर्गात जातील.' मग? 'मी एकटा मागे राहीन, माझ्याशी कुणी बोलणार नाही.' इथे अभ्यासाचं वेळापत्रक करून देणं हा उपाय नाही, हे उघड दिसतं. आवाज खाली आला किंवा तेच उत्तर पुन्हा आलं की थांबा आणि ऐकलेलं त्याच्याच शब्दांत परत सांगा. तिथे लगेच सल्ला दिलात तर पुढच्या वेळी तो इथवर येणारच नाही.

लहान मुलांना असं सांगता येत नाही. त्यांच्यासाठी आठवडाभर चार गोष्टी लिहून ठेवा: भीती कधी वाटली, त्याआधी नेमकं काय घडलं, मोठ्या माणसाने काय केलं, शांत व्हायला किती वेळ लागला. बहुतेक वेळा यातली तिसरी नोंदच गुंता सोडवते. मोठ्या माणसाने मुलाला दरवेळी त्या जागेपासून दूर नेलं असेल, तर सुटका झाल्याचं समाधान मिळतं आणि ती जागा खरोखर धोक्याची होती असंच मूल शिकतं. टाळण्याने भीती पोसली जाते, आणि हे सगळ्या वयांना लागू आहे.

तान्ह्यापासून सहा वर्षांपर्यंत

सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास बाळ अनोळखी चेहरा पाहून रडायला लागतं. आई-बाबा दृष्टीआड होण्याची भीती साधारण दहा ते अठरा महिन्यांत सर्वांत जास्त असते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांची ओसरते. यात बिघाड काही नाही. दिसेनासं झालेलं माणूस कुठेतरी असतं, एवढं बाळाला आता कळू लागलेलं असतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे बाळाचं लक्ष दुसरीकडे वळवून गुपचूप निघून जाणं. त्या क्षणी रडणं टळतं, पण पुढे बाळ तुमच्यावर सतत पहारा ठेवतं आणि चिकटून बसतं. निरोप रोज त्याच शब्दांत, एका वाक्यात घ्या आणि परतण्याची वेळ घड्याळाने न सांगता घटनेने सांगा: 'झोपून उठलास की मी येते.' सुरुवातीला पाच मिनिटं, मग पंधरा, मग अर्धा तास. नव्या माणसाने बाळाला उचलायला धावू नये. जमिनीवर बसावं, टक लावून पाहू नये, एखादं खेळणं जवळ ठेवून बाळ आपणहून येईपर्यंत थांबावं.

तीन ते सहा या वयात कल्पना आणि वास्तव यांची सीमा पुसट असते, म्हणून अंधार आणि राक्षस येतात. बॅटरी घेऊन रोज रात्री पलंगाखाली शोध घेऊ नका. मोठी माणसंही शोधतायत म्हणजे तिथे काहीतरी असू शकतं, असा मुलाचा निष्कर्ष निघतो. या भीतीच्या मुळाशी बहुधा एकटं राहणं असतं. मंद दिवा ठेवा, 'पाच मिनिटांनी डोकावते' असं सांगा आणि न बोलावता खरोखर डोकावा. दोन-तीन रात्रींनी ते अंतर दहा मिनिटांवर न्या. मूल हाक मारण्याआधी तुम्ही पोचलात, तर हाक मारण्याची गरज कमी होते. दिवसा अंधाऱ्या खोलीत लपवलेली वस्तू शोधण्याचा खेळ घ्या, आधी हात धरून, मग दारापर्यंत सोबत करून.

रात्रीच्या दोन प्रकारांत मात्र गल्लत करू नका. झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत मूल किंचाळत उठून बसलं, डोळे उघडे असूनही तुम्हाला ओळखत नसेल आणि सकाळी त्याला काहीच आठवत नसेल, तर तो गाढ झोपेतला भीतीचा झटका आहे. त्याला जागं करू नका. इजा होणार नाही एवढं पाहा, काही मिनिटांत ते आपोआप शांत होतं. दुःस्वप्न बहुधा पहाटेकडे पडतं, मूल पूर्ण जागं होतं आणि स्वप्न सांगतं. तेव्हा जवळ घ्या.

शाळेचं वय

सात ते अकराच्या दरम्यान भीती खऱ्या जगाकडे वळते: आग, चोर, अपघात, आई-बाबांचा मृत्यू. मेलेलं माणूस परत येत नाही हे बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या सुमारास कळायला लागतं. 'तुम्ही मरणार का?' या प्रश्नाला 'छे, असं बोलू नये' हे सर्वांत वाईट उत्तर, कारण मूल विचारायचं थांबतं, घाबरायचं नाही. त्याला विचारायचं असतं, 'मग मला कोण सांभाळेल?' म्हणून उत्तर तिथे द्या: 'बहुतेक माणसं खूप म्हातारी होईपर्यंत जगतात. मला काही झालंच, तर तू अमक्याकडे राहशील, आमचं तसं ठरलंय.' मात्र ते आधी खरंच ठरवा.

रक्त आणि सुई यांची भीतीही बहुधा लहानपणीच सुरू होते. तिच्यात शरीर वेगळं वागतं. इतर भीतींत रक्तदाब वाढतो. इथे आधी वाढून मग एकदम खाली येतो आणि माणूस चक्कर येऊन पडतो. म्हणून 'अंग सैल सोड' हा सल्ला इथे उलटा पडतो. दंड, पोट आणि मांड्यांचे स्नायू दहा ते पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटला की वीस-तीस सेकंद नेहमीच्या स्थितीत यायचं, असं पाच वेळा. हा सराव घरी रोज करायचा. सुई टोचताना तो हात तेवढा सैल ठेवायचा.

किशोरवय

इथे मुख्य भीती एकच, लोक आपल्याकडे पाहतायत आणि आपलं हसं होईल. पोटदुखी खरीच असते, खोटी समजू नका. एकदा डॉक्टरांना दाखवा आणि शाळा मात्र शक्य तितकी चालू ठेवा. एक पूर्ण आठवडा घरी राहिलेल्या मुलाला परत पाठवणं हे एका दिवसाच्या खंडापेक्षा कितीतरी अवघड जातं.

पायऱ्यापायऱ्यांनी सामोरं जाणं हा यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती ससा हळूहळू जवळ आणून घालवली होती. आजची रीत त्याच वाटेची आहे. मुलासोबत आठ-दहा प्रसंगांची यादी करा आणि प्रत्येकाला ० ते १०० गुण द्या: दुकानात भाव विचारणं २५, वर्गात बसल्या जागी उत्तर देणं ५०, सगळ्यांसमोर उभं राहून बोलणं ९०. तीस गुणांच्या आसपासच्या पायरीपासून सुरुवात करा. प्रत्येक पायरीआधी 'काय वाईट होईल' ते लिहून घ्या आणि नंतर काय झालं ते शेजारी लिहा. भीती निम्म्यावर येईपर्यंत किंवा भाकीत खोटं ठरल्याचं दिसेपर्यंत तिथे थांबायचं. आठवड्यातून तीन-चार वेळा.

बिघडतं ते तीन ठिकाणी. पालक पायरी ठरवतात आणि ती फार उंच असते. भीती शिखरावर असताना मूल निघून येतं. किंवा मोबाइलमध्ये डोकं खुपसून प्रसंग निभावतं, म्हणजे तिथे असून नसतंच.

आई-बाबांपासून दूर जाण्याची भीती मुलांमध्ये चार आठवडे, इतर ठरावीक भीती सहा महिने टिकली, किंवा झोप, जेवण, शाळा यांवर परिणाम झाला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगायचं नाही असं मूल म्हणालं तर त्याच दिवशी.

तरुणपण आणि मधलं वय

विशीत भीती असते ती चुकीची वाट निवडण्याची, आणि याच वयात अनेकांना घबराटीचा पहिला झटका येतो: धडधड, घाम, 'आता मरतो' असं वाटणं. तो काही मिनिटांत शिखर गाठतो आणि उतरतो. पहिल्या वेळी हृदयाची तपासणी करून घ्याच. ती ठीक निघाली, तर पुढच्या वेळी जागा सोडून पळू नका. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या आणि लाट उतरू द्या.

नव्या आई-वडिलांबद्दल फार कमी बोललं जातं. 'माझ्या हातून बाळाला काही झालं तर?' असे नको ते विचार पुष्कळांच्या मनात येतात. विचाराने आई हादरत असेल, तर तो हेतू नव्हे. तिला हे स्पष्ट शब्दांत सांगा आणि तिची झोप भरून निघेल अशी व्यवस्था करा. पण तिला आवाज ऐकू येत असतील, ती गोंधळलेली असेल, बाळात काही वाईट शक्ती आहे असं म्हणत असेल, तर तिला आणि बाळाला एकटं न ठेवता तातडीने रुग्णालयात न्या.

चाळिशी-पन्नाशीत तब्येत, पैसा आणि आई-वडील यांच्या काळजीखाली एकच भीती असते: माझ्यावर अवलंबून असलेले उघडे पडतील. रोज ठरलेल्या वेळी वीस मिनिटं काळज्या लिहा. जिच्यावर या आठवड्यात काही करता येतं, तिच्यापुढे कृती आणि वार लिहा. उरलेल्यांना उद्याची वेळ द्या. लक्षणं इंटरनेटवर शोधणं बंद करा. तपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच.

उतारवय

मृत्यूची भीती वयाबरोबर वाढत जाते असा समज आहे. प्रत्यक्षात वृद्धांमध्ये ती बहुधा तरुणांपेक्षा कमी आढळते. त्यांना धास्ती असते पडण्याची, परावलंबी होण्याची आणि आपला शब्द घरात न चालण्याची. पडण्याच्या भीतीने माणूस चालणं कमी करतो, पायांतली ताकद जाते आणि पडण्याचा धोका खरंच वाढतो. 'जपून, उठू नका' असं सतत म्हणणारी घरची माणसं नकळत यात भर घालतात.

डॉक्टरांना विचारून सुरुवात करा. भक्कम खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, जमेल तितक्या वेळा, हळूहळू दहापर्यंत. मग ओट्याला धरून एका पावलापुढे दुसरं ठेवून दहा सेकंद उभं राहणं. चक्कर आणणारी औषधं, चष्मा, सैल चपला आणि न्हाणीघरातला उजेड तपासा. आणि पडल्यावर उठण्याचा सराव करा, कारण अनेकांची खरी भीती जमिनीवर एकटं पडून राहण्याची असते: आधी थांबून दुखापत आहे का पाहायचं, कुशीवर वळायचं, हात-गुडघ्यांवर यायचं, खुर्चीपर्यंत रांगायचं, बैठकीवर हात टेकून मजबूत पाय पुढे रोवायचा आणि वळून बसायचं. सराव गादीवर, सोबत कुणीतरी असताना. दुखापत वाटली तर उठायचं नाही, मदत बोलवायची.

शब्द न चालण्याच्या भीतीसाठी तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं त्यांच्यासमोर लिहा: आजारपणात कुठे राहायला आवडेल, कोणते उपचार नको आहेत, तुम्हाला बोलता आलं नाही तर कुणी ठरवावं? पहिल्या बैठकीत एकाच प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी चालेल. कागदावर तारीख घाला, वर्षातून एकदा पुन्हा वाचून दाखवा आणि बदल सुचवले तर तेही लिहा.