भाचीला पोराचं जग दिसेना, तेव्हा
गणेशचवथीला भाची डिचोलीला आमच्याकडे आली ती टॅब घेऊनच. पोराने माईनक्राफ्टमध्ये, म्हणजे ठोकळ्यांनी आपलं जग उभारायच्या खेळात, महिनाभर खपून तुळशीवृंदावनासकट घर उभारलं होतं. आता दोघांना मिळून तिथे माटोळी (गणपतीवर फळापानांची बांधतात ती) बांधायची होती, भोपळ्याच्या आणि पानांच्या ठोकळ्यांची. पण पोराच्या मोबाईलवरचं जग भाचीच्या टॅबवर दिसेचना.

"मामा, तुझं वायफायच बंडल!"

टॅबवरची आवृत्ती जुनी होती, ती अपडेट केली. दोन्हीकडे एकच आवृत्ती लागते. तरी नाही. जगाच्या सेटिंगमध्ये 'व्हिजिबल टू लॅन प्लेयर्स' (म्हणजे त्याच नेटवर्कवरच्यांना जग दिसू दे) चालूच होतं. राउटर बंद-चालू केला, म्हणजे आपण सगळेच करतो ते.

मग टॅबवर वायफायचं नाव वाचलं: शेवटी 'गेस्ट'. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क मीच करून ठेवलं होतं! त्यावर इंटरनेट मिळतं, पण आमच्या राउटरवर ते मुख्य नेटवर्कपासून तोडलेलं असतं. हा खेळ मात्र जवळचं जग त्याच नेटवर्कवर हाक मारून शोधतो (मोबाईल-टॅबवरच्या बेडरॉक आवृत्तीत यूडीपी पोर्ट १९१३२, म्हणजे नेटवर्कवरचं ठरलेलं दार). हाक पोचणार कशी?

कॅलेंडरमागे लिहिलेला मुख्य पासवर्ड शोधून टॅबला दिला. नेवरी तोंडात टाकेपर्यंत जग यादीत हजर.

बांधायच्या आधी जगाची एक कॉपी करून ठेवायला लावली, हे बरं झालं. पहिल्याच रात्री क्रीपरने, म्हणजे खेळातल्या जवळ येऊन फुटणाऱ्या राक्षसाने, अर्धी माटोळी उडवली.