बाट की रुपये? थायलंडला निघण्याआधी क्रेडिट कार्डाची तयारी

आठवडाभर आधी बँकेचं ॲप उघडा आणि कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवीन कार्ड देशातल्या वापरापुरतंच चालू होऊन येतं. परदेशाचं बटण आपणच दाबायचं. मर्यादा तिथेच ठरवून घ्या. पिन आठवतो का, ते इथल्याच एखाद्या दुकानात तपासा. मागे रांग असली की हमखास आठवत नाही.

मग शुल्कांच्या तक्त्यात ‘फॉरेन करन्सी मार्कअप’ शोधा, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क. बऱ्याच कार्डांना तो ३.५ टक्के असतो, काहींना २, मोजक्यांना शून्य. वर त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. समजा १०,००० बाटची खरेदी केली आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर एका बाटला २.६० रुपये लागला, तर मूळ रक्कम २६,०००, ३.५ टक्क्यांनी मार्कअप ९१०, जीएसटी १६३.८०. बिलात येणार २७,०७३.८०. घरात दोन कार्डं असतील तर कमी मार्कअपचं पाकिटात ठेवा, दुसरं हॉटेलच्या तिजोरीत. घरबसल्या हॉटेल बुक करतानाही सावध राहा: साइटवर रुपये दिसले तरी पैसे घेणारी कंपनी परदेशातली असेल, तर मार्कअप लागू शकतो.

घरातल्या सगळ्यांकडून एक वाक्य मात्र पाठ करून घ्या: “बाटमध्येच घ्या.” मशीनवर बाट आणि रुपये असे दोन पर्याय येतात. रुपये ओळखीचे, म्हणून बोट तिकडेच जातं. बँकॉकच्या आमच्या हॉटेलात तर काउंटरवरच्या मुलीने न विचारताच रुपये निवडून मशीन पुढे केलं. स्लिपच्या तळाशी बारीक अक्षरांत ४ टक्के छापलेले मी खोलीवर जाऊन वाचले. ते बाटचे रुपये करून देण्याचे, दुकानदाराच्या बाजूचे. दुकान परदेशातलं म्हणून आपल्या बँकेनेही वर आपलं शुल्क लावलं ते वेगळंच. चुकीचं बटण दाबलं गेलं तर पिन टाकू नका, व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. संकोच करू नका, त्यांना सवय असते.

रस्त्यावरच्या खाण्यासाठी रोख लागतेच. ती इथूनच न्या किंवा तिथे बदलून घ्या. क्रेडिट कार्डाने एटीएममधून काढली तर शुल्क लागतं आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं.

परत आल्यावर मेसेजमधला आकडा आणि बिलातला आकडा जुळला नाही तर लगेच घाबरू नका. दर बऱ्याचदा कार्ड वापरलं त्या दिवसाचा नसतो, दोन-तीन दिवसांनी व्यवहार पक्का होतो तेव्हाचा असतो. वस्तू परत केली तर परताव्याला परताव्याच्या दिवसाचा दर लागतो आणि मार्कअप सहसा परत मिळत नाही. म्हणून बिल येईपर्यंत स्लिपा जपा. त्यांची शाई महिन्याभरात उडायला लागते, तेव्हा फोटो काढून ठेवलेले बरे.